बाबांच्या मापाचा टीव्ही

"अर्ध्या तासाचं काम आहे," मी आईला म्हणाले, तेही कमरेवर हात ठेवून. वीस वर्षं ग्रंथालयातली चाळीस हजार पुस्तकं मी जागच्या जागी ठेवत आले आहे. मला एक खोका सरळ करता येणार नाही?

खोका म्हणजे आमचा जुना टीव्ही. बाबांनी हौसेने घेतलेला, जवळजवळ चौकोनी. हल्लीची चित्रं रुंद असतात. ती त्या चौकोनात कोंबली की माणसं दोन्ही बाजूंनी दाबली जातात. बातम्या देणारी बाई टाचणीसारखी दिसते, मोटारी कपाटासारख्या उभ्या. आम्हाला त्याची सवय होती. पण बाबा गेल्यावर चार महिन्यांनी भावाने एक डीव्हीडी पाठवली.

बाबा शिंपी. त्यांनी दुकान बंद केलं त्या दिवशीचं ते चित्रण, आजारपणाच्या बरंच आधीचं. तेव्हा ते चांगले भरलेले होते. टीव्हीवर मात्र गाल बसलेले, मान लांब. आईने दहा सेकंद पाहिलं. "बंद कर. हे दवाखान्यातले वाटतात," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. भाऊ फोनवर म्हणाला, नवा टीव्ही पाठवतो. आईने सांगितलं, ह्यांनी आणलेला टीव्ही घरातून जायचा नाही.

म्हणून मी पुढे सरसावले. टीव्हीबरोबर आलेली पुस्तिका पेन्सिल घेऊन दोनदा वाचली. चित्राची उंची कमी-जास्त करायची सोय एका लपवलेल्या यादीत होती आणि तिला हात लावू नये एवढंच त्यात ठळक अक्षरांत होतं. मेकॅनिकला फोन केला. त्याने कुरकुरत ती यादी उघडायच्या बटणांचा क्रम सांगितला आणि तो लिहून ठेवायला बजावलं. लिहायचं काय त्यात! पाच तर बटणं.

पहिल्याच फटक्यात बाबा पट्टीएवढे उरले. जणू त्यांच्यावर त्यांचीच इस्त्री फिरली होती. नेमकी तेव्हाच आत्या आली. तिने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि दादा असा आडवा कधी झाला म्हणून विचारलं. मी घाईघाईने उलटं बटण दाबलं. बाबा ताणले गेले आणि डोकं वरच्या काठात गडप झालं.

मग मापावरून जुंपली. आत्याच्या मते तिचा दादा सडसडीत होता. आई दारातून म्हणाली, ते लग्नाआधी. आत्याने आणखी बारीक करायला सांगितलं, आईने आणखी रुंद. मी बटणं दाबत होते आणि त्या दोघी माझ्या बापाला आत घेत होत्या, ढिला करत होत्या.

आमच्या घरात असले वाद टेप लावूनच मिटतात. मी बाबांची मापांची वही काढली. पहिल्याच पानावर, त्यांच्याच अक्षरात, त्यांचं स्वतःचं माप होतं. शर्टाची लांबी तीस, कंबर छत्तीस. कंबर म्हणजे घेर, म्हणून त्याला तीनने भागून रुंदी काढली. शाळेतलं गणित आयुष्यात पहिल्यांदा कामी आलं! बाबा सरळ उभे होते तिथे चित्र थांबवलं आणि त्यांचीच टेप काचेला लावली. काचेवरच्या विजेचा चट्चट् आवाज झाला, माझ्या हातावरचे केस उभे राहिले. आत्या म्हणाली, "जपून. त्याला गुदगुल्या फार."

उंची एकेक घर कमी करत आणली. लांबी-रुंदीचं प्रमाण वहीशी जुळलं. मी आईला हात धरून बाहेर आणलं.

बाबांनी टेप गळ्यात टाकली आणि कॅमेरा धरलेल्या भावाला म्हणाले, "हलू नकोस, माप चुकेल." आई खुर्चीवर बसली. बराच वेळ पाहत राहिली.

"आले," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण बारीकच आहेत."

तेव्हा मला बाबांच्या मागचं भिंतीवरचं घड्याळ दिसलं. दुकानातलं ते गोल घड्याळ अंड्यासारखं झालं होतं. सकाळपासून ते माझ्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं. ते गोल दिसेपर्यंत बटण दाबलं असतं तर खरंच अर्ध्या तासात काम झालं असतं!

"पण मी वहीप्रमाणे केलंय," मी म्हणाले.

"वहीतली कंबर त्यांनी लिहिली ना? चाळीस होती," आई म्हणाली. "पँट शिवायचे छत्तीसची. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप उसवून वाढवायची."

"त्यांना कळायचं नाही?"

"शिंप्याला कळणार नाही? ते शिवणीत मुद्दाम ऐसपैस कापड सोडायचे."

मी रिमोट उचलला. आईने तो माझ्या हातातून काढून घेतला. "राहू दे. त्यांनी दिलेलं माप आहे."

तेव्हापासून आमच्याकडे सगळं जग कमरेत चार इंच कमी आहे. बातम्या देणारी बाईही. आई रोज जेवताना टीव्ही लावते. लोकांना मी सांगते, आईच्या इच्छेखातर चित्र तसंच ठेवलंय.

ते खरंच आहे. फक्त बटणांचा क्रमही मी त्याच संध्याकाळी विसरले होते, हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.