पांढऱ्या हेल्मेटची संमती

राजुऱ्यात हेल्मेट विकत घ्यायचं तर आधी त्या हेल्मेटची संमती लागते. दुकानदार ती छापील अर्जावर लिहून घेतो. तीन हेल्मेटांनी नकार दिला, तर त्या डोक्याची वर्षभरासाठी ‘अपात्र’ अशी नोंद होते.

उपकेंद्रातली नर्स शेवंता आत्राम हिला शनिवारी सकाळपासून दोन नकार मिळाले होते. सोमवारी तिला लसीचा डबा घेऊन डोंगरावरच्या गावांत जायचं होतं. वाट सगळी दगडगोट्यांची, मोटारसायकलशिवाय दुसरं काही चढत नाही, आणि संमतीचा कागद दाखवल्याशिवाय ऑफिस गाडीची चावी देत नाही. तिच्याऐवजी जाणारं कुणी नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात तिथे गोवर येऊन गेला होता.

पहिल्या हेल्मेटने तिच्या उंच बांधलेल्या अंबाड्यावरून नकार दिला. तिने तो लगेच सोडून खाली वेणी घातली, पण निकाल बदलला नाही. दुसरं काळं होतं. मे महिन्यात आपण कुणालाच होकार देत नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. याआधी कधी पडलात का, हे दोघांनीही विचारलं होतं आणि तिने दोघांनाही नाही म्हणून सांगितलं होतं.

दुकानदार बोबडे म्हणाले, एक लाल आहे, ते कुणालाही हो म्हणतं. शेवंताने ते घालून मान वळवली. मान वळली, हेल्मेट समोरच बघत राहिलं आणि हो, हो म्हणत राहिलं. तिने ते काढून जागेवर ठेवलं.

मग बोबड्यांनी पांढरं काढलं. पुढे लांब छज्जा, हनुवटीशी चोच, कपाळावर आणि मागे वाऱ्यासाठी भोकं. ते गालांना घट्ट बसलं, कपाळाला कुठेही टोचलं नाही, आणि मान हलवली तशी गालांची कातडीही त्याच्याबरोबर हलली. बाहेर शेहेचाळीस अंश होतं. बोबड्यांनी पेन उघडलं.

हेल्मेटने वय विचारलं, रोजचं अंतर विचारलं, घाम किती येतो ते विचारलं. आवाज कोरडा होता. मग ते म्हणालं, “याआधी पडलात?”

शेवंताला नाही म्हणायचं होतं. पण ते कानांच्या इतकं जवळ होतं, की तिला तसं म्हणता आलं नाही.

“पडले. मार्चमध्ये, नाल्याच्या उतारावर.”

“तेव्हा डोक्यावर कोण होतं?”

“कुणी नाही. उकडत होतं म्हणून आरशाला अडकवलं होतं.”

बोबडे खाली बघू लागले. तिला वाटलं, संपलं.

“त्याचं काय झालं?”

“त्याला काही लागलं नाही. मला सात टाके पडले. त्यानंतर ते माझ्याशी बोललं नाही.”

हेल्मेटने अटी सांगितल्या: अस्तर रोज धुवायचं, पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, दुपारी बारा ते चार बाहेर काढायचं नाही. बोबड्यांनी पहिल्या दोन लिहिल्या. तिसरीला शेवंताने त्यांचा हात थांबवला. लस बर्फात असते, शेवटचं गाव एक वाजता लागतं. ते आपल्याला कबूल करता येणार नाही, असं तिने सांगितलं.

“मग दुपारीच,” हेल्मेट म्हणालं. “मला उताराची भीती वाटते. हे लिहू नका.”

“मलापण,” शेवंता म्हणाली.

बोबड्यांनी शिक्का मारला. “घेऊन जा जी सिस्टर,” ते म्हणाले. “थोडं बोलत राहा त्याच्याशी.”

सोमवारी शेवटच्या उतारावर साडेबारा वाजले होते. खालचे दगड उन्हात पांढरे दिसत होते. शेवंताने ब्रेक दाबला आणि ती तशीच उभी राहिली. डोक्यातून घाम ओघळू लागला.

“थांबू नका,” हेल्मेट म्हणालं. “तुम्ही थांबलात की माझ्यात वारा येत नाही.”

तिने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. खाली पोहोचेपर्यंत ती थांबली नाही.

मोहाच्या झाडाखाली बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. गावातल्या आशाताईंनी सावलीत दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एक सिस्टरसाठी आणि एक हेल्मेटसाठी.