असोसिएशन बदलण्याबाबत

एचएसआर लेआउटमधल्या श्रीनिकेत अपार्टमेंटची लिफ्ट एका मंगळवारी सकाळी तळमजल्यावर दार उघडं टाकून बंद पडली. लिफ्ट बंद पडणे ही बाब सर्वसाधारण असून तिच्यासाठी रहिवाशांच्या असोसिएशनने देखभालीचा रीतसर करार केलेला होता. मेकॅनिकचा क्रमांक त्या करारात होता. करार कॉम्प्युटरमध्ये होता. आणि कॉम्प्युटर आदल्याच दिवशी अपग्रेड झाला होता.

सचिव शेषगिरीरावांनी करारावर दोनदा क्लिक केलं, तर गाणी वाजवणारा प्रोग्रॅम उघडला. काळ्या चौकटीत एक रंगीत रेघ थरथरली आणि खाली अक्षरं उमटली : ही फाइल वाजवता येत नाही.

अध्यक्ष मुकुंदराव छत्तीस वर्षं सरकारी नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी हेडफोन मागवला आणि दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं.

"काहीच ऐकू येत नाही," ते म्हणाले. "करार गोपनीय असावा."

खरा प्रकार फक्त शेषगिरीरावांना ठाऊक होता. अपग्रेड झाल्यावर कॉम्प्युटरने त्यांना विचारलं होतं, की या फाइली कोणत्या प्रोग्रॅमने उघडायच्या? यादीत जे नाव पहिलं होतं, त्यावर त्यांनी क्लिक केलं. वर 'नेहमी' असंही सांगून टाकलं, कारण 'फक्त या वेळी' हा पर्याय सचिवपदाला शोभणारा वाटला नाही. ही गोष्ट त्यांनी इतिवृत्तात नोंदवली नाही. इतिवृत्तही उघडत नव्हतं.

चौथ्या मजल्यावर भागीरथीबाई राहत. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. शुक्रवारी त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि ही तारीख मिळायला तीन महिने लागले होते. त्यांनी सचिवांना फोन केला.

"अण्णा, मेकॅनिकला बोलवा की."

"बोलावतोच, अक्का. स्वल्प तांत्रिक अडचण आहे."

"स्वल्प म्हणजे किती?"

"फाइल उघडेपर्यंत."

भागीरथीबाईंच्या शेजारी मेघाश्री भाड्याने राहत होती. महादेवपुऱ्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरीला. बुधवारी कामावरून आल्यावर ती असोसिएशनच्या खोलीत डोकावली आणि तिने पडद्याकडे एकदाच पाहिलं.

"काका, फाइल असोसिएशन बदललंय. दोन मिनिटांत पूर्वीसारखं करून देते."

मुकुंदराव खुर्चीतून उठले. "असोसिएशन बदललंय? निवडणूक न घेता?"

"तसं नाही हो. कुठली फाइल कुठल्या प्रोग्रॅमशी जोडलेली आहे, त्याला..."

"ते काहीही असो. असोसिएशनमध्ये बदल करायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा. शिवाय तुम्ही भाडेकरू. भाडेकरूला मत नसतं, मग माऊस कुठला?"

तेव्हा सभा बोलावणं आलं. सभेला नोटीस लागते. नोटिशीचा विहित नमुना कॉम्प्युटरमध्ये होता आणि तोही वाजवता येत नव्हता. हाताने लिहून लावावी, तर हाताने लिहिलेली नोटीस चालते की नाही, हे नियमावलीत पाहावं लागणार होतं. मुकुंदरावांनी नियमावलीही कानाला लावली.

गुरुवारी तातडीचा उपाय म्हणून कार्यकारिणीने भागीरथीबाईंच्या दारातच बैठक घ्यायचं ठरवलं. सात सदस्य निघाले. दोघे दुसऱ्या मजल्यावर दम लागून बसले, दोघे तिसऱ्यावर. वर पोचलेल्या तिघांनी गणसंख्येअभावी बैठक तहकूब केली. परंतु तोंडी असं ठरलं, की लिफ्ट सुरू होईपर्यंत जिन्यालाच पर्यायी लिफ्ट समजण्यात यावं. संध्याकाळपर्यंत भिंतीवर खाली जाणारे बाण चिकटवले गेले.

"उद्या मी उतरू कशी?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"बाण लावलेत, अक्का," मुकुंदराव आपुलकीने म्हणाले.

सगळे उतरून गेले. शेषगिरीराव मात्र चप्पल शोधण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळले.

"अण्णा," भागीरथीबाई म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तरी मला दिसतंय. खोलीची किल्ली तुमच्या खिशात आहे."

शेषगिरीरावांनी खिसा चाचपला. तीन दिवसांत त्यांना कोणी दोष दिला नव्हता, आणि तेच त्यांना जड जात होतं. त्यांनी शेजारचं दार वाजवून मेघाश्रीला खाली नेलं, कुलूप उघडून दिलं आणि साक्षीदार होण्याचा प्रसंग नको म्हणून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिने फाइलवर राइट क्लिक केलं, योग्य प्रोग्रॅम निवडला, 'नेहमी' म्हणून सांगितलं. चाळीस सेकंद लागले. करार उघडला.

करार अकरा पानी होता. पहिली दहा पानं लिफ्ट बंद पडल्यास कोण जबाबदार नाही, याविषयी होती. अकराव्यावर एकच ओळ होती : 'बिघाड झाल्यास लिफ्टमधील फलकावर दिलेल्या क्रमांकावर संपर्क साधावा.'

दोघं धावत लिफ्टपाशी गेली. दार उघडंच होतं. आत, बटणांच्या वर, पिवळ्या पत्र्यावर तळहाताएवढ्या आकड्यांत क्रमांक होता. इमारत झाली तेव्हापासून होता. मेघाश्रीने फोन लावला. अर्ध्या तासात मेकॅनिक आला, दाराच्या खाचेतून करवंटीचा एक तुकडा उपसून काढला, "सरी, मेडम," असं कानडीत काम झाल्याचं सांगितलं आणि गेला. शुक्रवारी सकाळी भागीरथीबाई ठरल्या वेळी खाली उतरल्या.

त्यानंतर असोसिएशनने चौकशी समिती नेमली. चौसष्ट रहिवाशांचे जबाब झाले. दिवसातून चार चार वेळा त्या पत्र्यासमोर उभं राहून तो एकालाही कसा दिसला नाही, हा मुद्दा होता. सर्वांनी वेगवेगळं बसून एकच उत्तर लिहिलं : लिफ्टमध्ये आम्ही मोबाइल पाहतो. मुकुंदरावांना हा रहिवाशांचा निष्काळजीपणा वाटला आणि त्यांनी तसा कडक शेरा मारला.

आपल्यालाही तसंच वाटलं असेल, तर हरकत नाही. आपल्या लिफ्टमधला तो क्रमांक आठवून पाहा. बरं, क्रमांक राहू द्या. फलक कुठल्या भिंतीवर आहे, एवढं तरी?