ढोले मास्तरांची सांडासांड

ढोले मास्तरांकडे चहा प्यायचा, तर कपाभोवती आधी खडूची रेघ ओढली जायची. "सांडला तं कुठवर जाईन?" पाहुण्यानं अंदाज सांगायचा आणि मग मास्तर खरोखरच कप कलंडवायचे. दुसरा चहा मिळत नसे.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सेलूच्या शाळेत लागलो, तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या या मास्तरांनीच मला आपल्या शेजारची खोली मिळवून दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही, आणि त्यांच्या प्रयोगात जळलेलं माझं धोतरही.

मास्तरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की परदेशात अणूच्या भट्टीत वितळलेलं मीठ खेळवायचे प्रयोग चाललेत. त्यावर बोलायला गावात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते मला धरत. "सारे वीज वीज करून राह्यले. पन नळ फुटला तं? ते तापलेलं मीठ कुठवर पळन, कवा थिजन, हे कोनी इचारतच नाई!"

अणूचं मीठ सेलूत मिळेना. मग मास्तर फटाकेवाल्याकडून सोरा, म्हणजे फटाक्याच्या दारूतलं मीठ, आणत, शेगडीवर लोखंडी कढईत वितळवत आणि अंगणात ओतत. कधी विटेवर, कधी फरशीवर, कधी रेतीवर. थिजलेल्या थारोळ्यापाशी उकिडवे बसून म्हणत, "वा! काय सुंदर सांडलं!"

शेवटी घरमालकीण गंगाकाकू कडाडल्या. "अंगण माह्यं हाय का त्या अणूचं? रविवारी हेडमास्तरले बोलवा. ते म्हनतीन कामाचं हाय, तं राहा. नाई तं खोली खाली करा."

रविवारी हेडमास्तर आले. मास्तरांनी सकाळीच कोरडी रेती अंथरून ठेवली होती. पण मोठा माणूस येणार म्हणून काकूंनी तिच्यावर छान सडा टाकला, वर रांगोळीही काढली. मास्तरांची नजर कढईवर. सोरा ओतला मात्र, ओलाव्याची एकदम वाफ झाली आणि फट्‌ फटाफट! रांगोळी उडाली. हेडमास्तर अंगणातल्या बैलाच्या गव्हाणीत चढले. बैलानं सरकून त्यांना जागा दिली.

"सापडलं!" मास्तर नाचायला लागले. "ओल्यावर उडते! हे तं कोनाच्या ध्यानातच नाई!"

"बंद करा हे!" गव्हाणीतून हुकूम आला.

हेडमास्तर धोतर झटकत गेले. मास्तर कढई खरवडू लागले. मग आत जाऊन वळकटी बांधून आले.

काकूंचा राग उतरला नव्हता. "मास्तर, थे भट्टी सात समुद्रापल्याड. तुमी काऊन जीव जाळून राह्यले?"

मास्तर खाली बघतच बोलले. "भट्टी कुठीही असो बाई, तिच्या बाजूले कोनाचं तरी अंगण असनच ना."

काकू उडालेल्या रांगोळीकडे बघत उभ्या राहिल्या. मग झाडू उचलून म्हणाल्या,

"उद्यापासून या कोपऱ्यात मी सडा नाई टाकत."