लेकीनं केलेला आहेर

लहान लेकरांसाठी इंग्रजी शब्दांचे सोपे अर्थ लिहिणारे साहेब, माझ्याच घरात माझ्या डोक्यावर आहेराची टोपी तुम्ही चढवली! पुस्तकावर तुमचं नाव नाही, म्हणून जाहीर विचारतो.

मी परळीच्या वीज केंद्रातली राख टँकरनं लांबलांब पोचवतो. बायको वनमाला आणि तिसरीतली लेक स्वप्नाली गावी, पालीला. पंधरा-वीस दिवसांनी माझी घरी चक्कर. माझी शाळा आठवीत सुटली, पण पोरीला इंग्रजी मीच शिकवणार, असं गावभर सांगून बसलोय. तुमचं पुस्तक घेऊन दिलं आणि फोनवर माझी पद्धत सांगितली, "नुसतं पाठ करायचं न्हाई. एकेक शब्द घरात हुडकायचा आन् त्याच्यासंगं तसंच वागायचं." 'ब्रूम' सापडला, तिनं अंगण झाडलं. वनमाला खूश. मी तर टँकरात बसून प्राध्यापकच झालो!

परवा घरी गेलो. स्वप्नालीनं बाजेवर नवी चादर टाकली, गूळ-पाणी दिलं, चहा कपबशीत. माझा नेहमीचा जर्मनचा पेला गायब. म्हटलं, लेकीला बापाची किंमत कळाली! जेवायला चुलीकडं निघालो तर तिनं हाताला धरून परत बाजेवर बसवलं. बसलो नवरदेवासारखा. तेवढ्यात शेजारचे आसारामकाका धुतलेलं धोतर नेसून हजर. घरी पाव्हणा आलाय, बोलत बसायला या, असं स्वप्नालीच सांगून आलेली.

काकांनी घरभर नजर फिरवली. "पाव्हणा कुठंय बे?"

"मलाबी दिसला न्हाई."

मग आम्ही दोघं पाव्हण्याची वाट बघत बसलो. भाकरी गार झाली.

सकाळी निघालो तर स्वप्नाली ताट घेऊन आली. कुंकू लावलं, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल. शेजारच्या ओट्यावर बसलेल्या काकांना आत्ता पाव्हणा सापडला. हसता हसता ओट्यावरून घसरले. वनमालेनं तोंडात पदर कोंबला. मीही हसलो.

"मी पाव्हणा कावून गं?"

तिनं तुमचं पुस्तक उघडलं. "गेस्ट. बाहेरून येतो, एक-दोन दिवस राहतो, परत जातो. त्याचा मान ठेवावा."

"आगं, मग फादर बघ की."

ते तिला पाठच होतं. "फादर. रोज संध्याकाळी कामावरून घरी येतो, आपल्यासोबत जेवतो." मग बारीक आवाजात म्हणाली, "ह्यो लई हुडकला, बाबा. घरात घावला न्हाई."

वनमालेनं तोंडातला पदर काढला. टोपी काढायला हात वर नेला, तसाच खाली आणला. लेकीनं घातलेली, काढू कशी? तीच घालून टँकर चालवतोय. धाब्यावर विचारतात, लग्न कुणाचं होतं?

साहेब, तुमच्या घरी संध्याकाळी कोण येतं, त्याच्याशी मला घेणं नाही. पण पंधरा दिवसांनी येणाऱ्या आणि रोज फोनवर लेकीला शब्द विचारणाऱ्या माणसाला इंग्रजीत काय म्हणतात? सोपं लिहा, पोरगी तिसरीत आहे. आणि माझ्या पुढच्या चकरेच्या आत उत्तर द्या. तिनं शर्टपीस बघून ठेवलंय!