महादेवप्पांच्या पापण्या

"झोपलो नव्हतो मी!" महादेवप्पा सकाळपासून चौथ्यांदा ओरडले. "जागा होतो! चांगला टक्क जागा होतो!"

"हाव, ठावं हाय," नीलम्मा भाकरी थापता थापता म्हणाल्या. "पर फोटूत तसं दिसून न्हाई राहिलं."

फोटोत दिसत होतं ते असं : बुटक्या खुर्चीत महादेवप्पा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, तोंडात शिट्टी आणि डोळे मिटलेले. खाली ओळ होती, 'पाणी समितीचे अध्यक्ष गाढ झोपेत.' टँकरच्या ड्रायव्हरने काढलेला हा फोटो दुपारपर्यंत निम्म्या उदगीरच्या मोबाइलवर पोचला होता.

खरं तर ती झोप नव्हती. वयाच्या साठीनंतर महादेवप्पांच्या दोन्ही पापण्या अर्ध्यावर येऊन थांबल्या होत्या, दुकानाचं शटर अडकावं तशा. पण हे लोकांना किती वेळा सांगायचं? ज्या माणसाने चाळीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी म्हणून धान्य मोजलं आणि कधी एका पायलीची चूक केली नाही, त्याला भर दुष्काळात झोपाळू म्हणायचं! शिवाय त्या वर्षी उदगीर जिल्हा होणार अशी जोरदार हवा होती. जिल्हा झाला की जिल्ह्याची पाणी समिती होणार, आणि तिथे आपल्यासारखाच मोजणीतला माणूस लागणार, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. असा फोटो फिरल्यावर कोण बोलावणार होतं त्यांना?

गल्लीत आठ दिवसांनी टँकर यायचा. घरटी चार घागरी, एका खेपेला एक, असा नियम होता. बायका चपला, विटा, फुटके डबे ठेवून नंबर लावायच्या. महादेवप्पा मापाड्यांच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या घागरीला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन, आणि चार झाल्या की शिट्टी. उरलेलं पाणी ड्रायव्हरने परत न्यायचं. पण अलीकडे थेंबही उरत नव्हता. टँकर अर्धाच भरून येतो, अशी तक्रार महादेवप्पांनी दोनदा लिहून दिली होती. म्हणूनच ड्रायव्हरने डूख धरला, असं त्यांचं म्हणणं.

नांदेडला दिलेल्या लेकीने, शिवकांताने, फोनवर सांगितलं, "अप्पा, हिकडं या. पापण्यांचं ऑपरेशन होतंय."

ही बातमी कळताच गल्ली सांत्वनाला यावी तशी दारात जमली.

"कशाला ओ अप्पा?" शेजारची रुद्राणी म्हणाली. "तुमचे डोळे असेच लई शोभतात."

"ध्यानाला बसल्यावानी दिसता," शिवमूर्तीने दुजोरा दिला.

"चाळीस वर्सं ह्याच डोळ्यांसंगं संसार केला मी," नीलम्मांनी पदर डोळ्याला लावला. "मला काय तकरार हाय का?"

एकालाही आपल्या अब्रूची पर्वा नाही हे पाहून महादेवप्पांचं डोकं फिरलं. ते त्याच दुपारच्या एसटीने नांदेडला गेले.

डॉक्टर तरुण होता. त्याने पापण्या बोटाने उचलून पाहिल्या. "आजोबा, पापणी उचलणारे स्नायू ढिले पडलेत. वरच्या बाजूचं काहीच दिसत नसणार तुम्हाला. हनुवटी वर करून बघता का?"

"अध्यक्षानं नाक वर करून बघावं का? लोक माजला म्हनतील!"

"बरं. स्नायू ओढून घेऊ आणि त्याच वेळी पापणीवर एक घडी पाडू."

"घडी? मी काय धोतर हाय का?"

"टाक्यांची खूण त्या घडीत लपते हो. शिवाय डोळा मोठा दिसतो. मुली लग्नाआधी हौसेनं करून घेतात."

"माझं लग्न झालंय!" महादेवप्पा कडाडले.

"फक्त पापणीपुरती भूल देऊ. तुम्ही पूर्ण जागे राहाल. मधेच डोळे उघडायला सांगू, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या करता येतील."

"जागा राहणार?" महादेवप्पा सावरून बसले. "तर मग तसं लिहून द्या. शिक्का मारून. सदर इसम जागा होता म्हनून!"

तीन आठवड्यांनी महादेवप्पा उदगीरला परतले ते डोळे असे टपोरे करून की एसटी स्टँडवर ओळखीच्या दोघांनी विचारलं, "अप्पा, कोन गेलं?" ते ताठ मानेने पुढे निघाले. खिशात शिक्क्याचा दाखला होता आणि दुसऱ्या दिवशी टँकर यायचा होता.

टँकर आला. नेहमीची बुटकी खुर्ची, गल्लीने मोठ्या मानाने दिलेली. महादेवप्पा बसले, शिट्टी तोंडात धरली. पहिलीच खेप रुद्राणीची. कमरेवर घागर.

"लाभ," महादेवप्पा म्हणाले आणि त्यांची नजर वर गेली. गेल्या कित्येक वर्षांत ती एवढी वर गेली नव्हती.

रुद्राणीच्या डोक्यावर दुसरी घागर होती. तिच्यामागच्या सरजाबाईच्याही डोक्यावर होती. रांगेतल्या प्रत्येक बाईच्या कमरेवर एक आणि डोक्यावर एक! आणि रांगेत पाचव्या नंबरावर, डोक्यावर घरातली सगळ्यात मोठी पितळी घागर घेऊन, खाली मान घालून उभ्या होत्या नीलम्मा.

शिट्टी अशी वाजली की कावळे उडाले.

त्या दिवशी प्रत्येक घराला मोजून चारच घागरी मिळाल्या. निम्मा टँकर भरलेला राहिला. ड्रायव्हरने महादेवप्पांना हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाला, "अध्यक्ष असावा तर असा!"

संध्याकाळी मठाच्या ओट्यावर बैठक बसली. महादेवप्पा ताडकन उभे राहिले. "चोरी! माझ्या नाकासमोर चोरी! म्हनून खुर्ची बुटकी दिली व्हय मला?"

"अप्पा," रुद्राणी शांतपणे म्हणाली, "आजचं उरलेलं पानी कुठं गेलं ठावं हाय का? बायपासच्या धाब्यावर. माझ्या दिरानं डोळ्यानं बगितलं. धा-धा माणसं हायती एकेका घरात. चार घागरी कुनाला पुरून राहिल्या?"

महादेवप्पांचा राग दुप्पट झाला. "मग शोधा दुसरा अध्यक्ष!" म्हणत त्यांनी शिट्टी ओट्यावर आपटली. नवीन अध्यक्ष म्हणून गल्लीतल्याच म्हाताऱ्या संगप्पाचं नाव आलं. त्याचा मोतीबिंदू पिकला होता आणि शस्त्रक्रिया पाऊस पडल्यावर करायची असं त्याने जाहीर वचन दिलं. पहिला हात नीलम्मांनी वर केला.

आठ दिवसांनी टँकर आला तेव्हा नीलम्मांचा गुडघा अगदी वेळेवर धरला. महादेवप्पा धुसफुसत रांगेत लागले : एक घागर हातात, आणि खांद्यावर ती मोठी पितळी. ती न्यायची की नाही, यावर घरात दोन तास भांडण झालं होतं. रात्रीपासून माठ कोरडा होता.

दोन्ही घागरी भरून ते खुर्चीपुढे आले. ड्रायव्हर टँकरला टेकून मोबाइल धरून उभाच होता.

"कोन, महादेवप्पा का?" संगप्पाने चाचपडत विचारलं. "मला नीट दिसून न्हाई राहिलं. तुमी जन्माचे मापाडी. तुमीच सांगा, किती झाल्या?"

महादेवप्पांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. मग नांदेडच्या डॉक्टरने एवढ्या कष्टाने उचललेल्या दोन्ही पापण्या त्यांनी सावकाश, अगदी पूर्वी असायच्या तिथपर्यंत, खाली आणल्या.

"लाभ!" ते संतापून ओरडले आणि घराकडे चालू लागले.