आपलं नाक कापून फुएन्सेकाला अपशकुन

आमच्या फुटबॉल गटाचा इतिहास पहिल्या शिट्टीपासून आजपर्यंत तोंडपाठ असलेला माणूस जगात एकच आहे, आणि तो मी! यात बढाई काही नाही. दुसऱ्या कोणाला तो पाठ करावासाच वाटला नाही, एवढंच.

टीव्हीवर दिसतो तो फुटबॉल शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर खेळला जातो. आमचं गाव विल्यारेदोंदा त्याच शिडीवर आहे, पण इतक्या खाली, की वर बघितलं तर फक्त बुटांचे तळवे दिसतात. तरी पायरी ती पायरी! आमच्या गटात अठरा संघ. कोणी कोणाला कधी किती गोलांनी हरवलं, कोणता सामना बर्फामुळे बंद पडला आणि कोणता मैदानात मेंढ्या घुसल्यामुळे, कोणत्या गोलकीपरने स्वतःच्याच जाळ्यात सगळ्यात जास्त गोल मारले, सगळं मला विचारावं. पोटापाण्यासाठी मी शाळेत इतिहास शिकवतो. मुलांना राजांच्या सनावळ्या पाठ नसतात आणि मी रागवत नाही, कारण राजे कोणत्याच गटात खेळले नाहीत.

बायको एकदा म्हणाली, "आपलं लग्न कधी झालं, ते तरी आठवतं का?"

"म्हणजे काय! त्या रविवारी आपण काम्पोरेदोला तीन-एकने हरलो."

तिने मान डोलावली. तिच्या मते हरलेले आम्ही दोघेही होतो.

तर, या गटातून विल्यारेदोंदा एकदाही खाली उतरलेलं नाही. वर चढण्याची ऐपत नव्हती, पण खाली कधी गेलो नाही! मोठमोठे आले, वर गेले, खाली पडले. आम्ही मात्र गटाच्या तळाशी भांड्याला करपलेला भात चिकटावा तसे चिकटून. आणि हा मान जपण्याचं काम या वर्षी प्राक्सेदेसबाईंकडे होतं.

प्राक्सेदेसबाईंचं चौकात खाटकाचं दुकान. नवरा इलारिओ क्लबचा अध्यक्ष होता. मागच्या थंडीत तो गेला, आणि गावाने दुकानाबरोबर क्लबही त्यांच्याच गळ्यात घातला. बाईंना फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही. पण दफनाच्या दिवशी त्या एकच वाक्य बोलल्या होत्या, "त्याने मला हा क्लब वर असताना दिलाय. माझ्या हातून खाली गेला, तर मी त्याला तोंड कसं दाखवू?" आणि आम्ही त्या मोसमात बाईंच्या सुरीखालून सुटलेल्या कोंबडीसारखे खेळत होतो, डोकं नाही आणि पाय चालूच!

शेवटच्या सामन्याच्या दोन दिवस आधी लेआंद्रोच्या बारमध्ये बैठक बसली. बाई थेट दुकानातून आल्या होत्या, एप्रनसकट.

"मास्तर, घोळ न घालता सांग. वाचतो की नाही?"

"बाई, बरोबरी पुरे. बरोबरी झाली की आपण पंधरावे. खाली जातात शेवटचे तीन."

"तीनच?"

"तीनच! गटाचा जन्म झाल्यापासून तीनच. एकदाही चार नाही, एकदाही दोन नाही. सूर्य पश्चिमेला उगवेल, पण चौथा खाली जाणार नाही."

"शपथेवर?"

"बाई, हा इतिहास आहे!"

बाईंनी एप्रनला हात पुसले आणि त्या मोसमात पहिल्यांदा हसल्या. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण माणूस एकदा बरोबर ठरला, की त्याला आणखी थोडं बरोबर ठरावंसं वाटतं. मी म्हणालो, "आपलं तर झालं. प्रश्न आहे तो फुएन्सेकाचा."

कॉफीचं यंत्रसुद्धा फुसफुसायचं थांबलं.

फुएन्सेका हे आमच्या शेजारचं गाव. आमच्याकडे जे जे वाईट येतं ते तिकडूनच येतं: गारा, करवसुलीवाले आणि जावई. मागच्या वर्षी हे लोक आमच्याच गटातून वरच्या पायरीवर चढले, आणि रात्रभर भोंगे वाजवत मोटारी आमच्या चौकातून फिरवल्या. त्यांच्या चौकातून नाही, आमच्या! तेव्हापासून आमचा धर्म एकच होता, फुएन्सेका पडली पाहिजे. आणि आता योग जुळून आला होता. रविवारी अल्कोरियाच्या मैदानावर हरले, की ते खाली!

"पण अल्कोरियाला काय पडलंय?" लेआंद्रो म्हणाला. "ते ना वर जाणार, ना खाली. त्यांची पोरं शनिवारी पिऊन येतील आणि मैदानात झोपतील."

"त्यांना जागं ठेवता येईल," मी म्हणालो.

आमच्याकडे मोसमाच्या शेवटी एक जुनी रीत आहे. तिच्याबद्दल सगळे ऐकून असतात, बघितलेली कोणीच नसते. दोघांच्या सामन्यात एकाने जिंकावं म्हणून तिसरा त्याला एक बॅग पोचवतो. हरण्यासाठी नव्हे हो, जिंकण्यासाठी! त्यामुळे ते पाप धरत नाहीत. नियमात बसत नाही, एवढंच. मोठे क्लब बॅगेत काय घालतात ते त्यांनाच ठाऊक. आमच्या क्लबकडे रिकामी बॅगसुद्धा नव्हती.

प्राक्सेदेसबाई उठल्या. "हामोन देते," म्हणाल्या. "खेळाडूमागे एक."

खाटकाच्या भाषेत याहून मोठा शब्द नाही. खारवून, माळ्यावर टांगून, दोन हिवाळे वाऱ्यावर सुकवलेली डुकराची अख्खी तंगडी! सणाला एखादी कापतात, आणि मेलेल्या नातेवाइकासारखी तिची आठवण काढतात.

"बाई, राखीव खेळाडूंना पण?" कोणीतरी भीत भीत विचारलं.

"राखीव खेळाडू आला आणि त्यानेच गोल मारला तर? सगळ्यांना! आणि रेफ्रीला..."

"रेफ्रीला नको!" आम्ही सगळे एकदम ओरडलो. तत्त्व नावाची गोष्ट असते.

शनिवारी बाईंची मांसाची गाडी अल्कोरियाला गेली. चालवायला मीच होतो, कारण योजना माझी. परत येताना माळ्यासारख्या वासाच्या त्या रिकाम्या गाडीत मी चक्क गात होतो!

रविवारी संध्याकाळी सगळीकडचे सामने एकाच वेळी सुरू झाले. शेवटच्या दिवशी तसाच नियम असतो, म्हणजे कोणी कोणाचं बघून लबाडी करू नये. आमच्या मैदानावर सगळं गाव लोटलं होतं, पण सामना बघत कोणीच नव्हतं. प्रत्येकाच्या एका कानाला रेडिओ, दात सूर्यफुलाच्या बिया फोडण्यात गुंतलेले, आणि डोळे आकाशात, अल्कोरियाच्या दिशेने! समोर आमचे अकरा गडी काम्पोरेदोशी झुंजत होते आणि प्रेक्षक भलत्याच ठिकाणच्या फाउलवर शिव्या घालत होते. आमच्या गोलकीपरने एक अफाट चेंडू अडवला. टाळी एकच वाजली. त्याच्या आईची.

मी क्लबचा प्रतिनिधी म्हणून खेळाडूंच्या बाकावर बसलो होतो. शून्य-शून्य. हवं तसं! शेवटच्या काही मिनिटांत आमचा पुढचा गडी सिरियाको, जो एरवी गावातले नळ दुरुस्त करतो आणि नळासारखाच थेंब थेंब धावतो, अचानक चेंडू घेऊन सुटला. काम्पोरेदोचा गोलकीपर पुढे आला, घसरला, आडवा झाला. समोर मोकळं जाळं!

आणि मी बाकावर उभा राहून ओरडलो, "मारू नकोस! कोपऱ्यात ने!"

सिरियाको थबकला. "काय?"

"कोपऱ्यात! वेळ काढ! बरोबरी पुरे!"

"मास्तर, जाळं रिकामं आहे!"

"इतिहास शिकवू नकोस मला!"

बिचारा आज्ञाधारक पोरगा. शाळेत माझाच विद्यार्थी. चेंडू घेऊन कोपऱ्यातल्या झेंड्याशी गेला आणि जगाकडे पाठ करून उभा राहिला, शिक्षा केल्यासारखा.

तेवढ्यात मैदानावर एकच आरोळी उठली! रेडिओवर अल्कोरियाचा गोल! अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, पाद्रीबाबांनी लेआंद्रोचं चुंबन घेतलं, आणि काम्पोरेदोचा जो गडी सिरियाकोकडचा चेंडू हिसकावून आमच्या गोलसमोर एकटा पोचला होता, तो त्या आरोळीने इतका दचकला की त्याने चेंडू थेट शेजारच्या गव्हात मारला. दोन्हीकडच्या शिट्ट्या पाठोपाठ वाजल्या. आमची बरोबरी. फुएन्सेका पडली!

पुढचं तासभर विल्यारेदोंदा स्वर्गात होतं. रॉकेट उडाली, बँड निघाला, सगळे वाजतगाजत चौकातल्या कारंज्याकडे गेले. खेळाडू उतरले, पाठोपाठ म्हातारे उतरले. प्राक्सेदेसबाई बुटांसकट पाण्यात, गुडघ्यापर्यंत, हात वर करून ओरडत होत्या, "इलारिओ! राहिलो रे! राहिलो!" मग मला ओढून घेतलं आणि ओल्या हातांनी माझे गाल धरले. "मास्तर, तू सोनं आहेस."

त्याच क्षणी माझ्या खिशातला फोन वाजला. फुएन्सेकाचा आमान्सिओ औषधवाला. त्यांच्या क्लबचे आकडे तो ठेवतो, आणि प्रांताच्या वर्तमानपत्रात आम्ही दोघं वर्षानुवर्षं एकमेकांच्या चुका काढतो.

"मास्तर, तुमच्या रॉकेटचे आवाज इथपर्यंत येताहेत हो."

"ऐका, ऐका! तुमच्यासाठीच उडवतोय."

"पडलो आम्ही. कबूल. पण मी इकडे बसून विचार करतोय, तुम्ही कशाचा आनंद साजरा करताय?"

"तुम्ही पडल्याचा!"

"हो, पण पडलो तर कुठे पडलो?"

"कुठे म्हणजे? खाली!"

"खाली म्हणजे तुमच्या गटात, मास्तर. आणि गटात संघ अठराच. बाकावर वरून एक येऊन बसला, की टोकाचा एक सरकतो. सरकून कुठे जातो?" तो खोकला. औषधवाल्याला खोकला! त्याला ठसका लागेपर्यंत हसू येत होतं. "तीन नव्हे, मास्तर. या वर्षी चार. पंधरावा कोण आहे बरं?"

कारंज्याचं पाणी एकाएकी फार गार लागायला लागलं.

नियम मला माहीत नव्हता असं नाही. गटातल्या शेंबड्या पोराला माहीत असतो. पण आमच्या गटातून वर गेलेले संघ एकतर तिथेच रमले, नाहीतर कर्जात बुडून मेले. परत खाली आलेला एकही नाही! जे कधी घडलंच नाही ते माझ्या कोणत्याच तक्त्यात नव्हतं. इतिहासाच्या मास्तरचा हाच तर रोग आहे. पाठीमागे तोंड करून चालतो आणि खड्ड्याला म्हणतो, तू इथे पूर्वी नव्हतास!

"काय झालं रे?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. हळूच सांगितलं, पण बँडने नेमका तेव्हाच श्वास घेतला होता.

पहिल्यांदा कोणाला पटेना. मग लेआंद्रोने बोटांवर मोजलं, मग पाद्रीबाबांनी मोजलं. मग सगळे एकेक करून कारंज्यातून बाहेर पडले, ओली पावलं उमटवत. एक रॉकेट आधीच पेटवलेलं होतं. ते उडालं, फुटलं, आणि कोणी वर बघितलंसुद्धा नाही.

"म्हणजे आपण अल्कोरियाला हामोन दिली," लेआंद्रो सावकाश म्हणाला, "ती आपल्याला खाली ढकलण्यासाठी?"

"तसं थेट म्हणता येणार नाही," मी म्हणालो.

"मग कसं म्हणता येईल?"

ते मला आजही सुचलेलं नाही.

सिरियाको निथळत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मास्तर, मी तो गोल मारला असता तर?"

"तर आपण चौदावे."

"चौदावा खाली जातो?"

"नाही."

त्याने बराच वेळ विचार केला. नळवाल्यांना गळती कुठे आहे ते शोधायची सवय असते. मग तो घरी गेला. आमच्या मोरीचा नळ तेव्हापासून गळतोय, आणि त्याला बोलवायची माझी हिंमत नाही.

प्राक्सेदेसबाई मात्र ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं! त्या कारंज्याच्या काठावर बसल्या, बुटातलं पाणी ओतलं, आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी दफनभूमीत ये. त्याला सांगायचंय. मी नाही सांगणार. हिशेब तुझा होता."

गेलो. न जाऊन कुठे जातो? इलारिओ शवपेट्यांच्या भिंतीतल्या वरून तिसऱ्या कप्प्यात आहे, फोटो चिनी मातीत भाजून बसवलेला, नेहमीचंच हसू. बाईंनी फडक्याने फोटो पुसला, जुनी फुलं काढली, नवी ठेवली आणि बाजूला झाल्या. मी टोपी काढली.

"इलारिओ," मी पुटपुटलो, "त्याचं असं झालं..."

"मोठ्याने बोल," बाई मागून म्हणाल्या. "त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं."

मी घसा साफ केला. "इलारिओ! एका अपवादात्मक परिस्थितीत, वरच्या पायरीवरून आलेल्या संघामुळे..."

"ए मास्तर, शाळा नको घेऊ! फुएन्सेका पडली, ते आधी सांग."

"फुएन्सेका पडली, इलारिओ!" मी ओरडलो. भिंतीवरची कबुतरं उडाली.

बाई फोटोकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फडकं घडी करून पिशवीत टाकलं, जुनी फुलं उचलली आणि म्हणाल्या, "चल. आज एवढंच पुरे त्याला. बाकीचं पुढे कधीतरी सांगू."

आणि लाज वाटते सांगायला, पण ते वाक्य ओरडताना मला पुन्हा मनापासून आनंद झाला होता!