उघडून पाहिले, बरोबर आहे

माणूस म्हणजे नेमकं काय, यावर तत्त्वज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. पण ज्याच्या कागदावर शिक्का नाही तो माणूस मोजायचा नाही, यावर सगळ्या सुधारलेल्या समाजांचं झालेलं आहे. या बाबतीत रोमन लोक फार पुढारलेले होते. त्यांचं मृत्युपत्र म्हणजे मेण लावलेल्या लाकडी पाट्या, पाट्यांना भोकं, भोकांतून दोरा आणि त्यावर सात साक्षीदारांच्या मोहरा. (साक्षीला गुलाम आणि बायका चालत नसत. दोघांनाही घरात कामं असत.)

ही माहिती मेधाला परदेशात, ल्यूकन गावातल्या घरी पोळ्या लाटताना मिळाली होती. तिचे सासरे गोविंदराव यांना एल्एल.बी.ला रोमन कायद्यात बासष्ट मार्क होते, आणि पुढे अकोल्याच्या निबंधक कार्यालयात बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे दस्त तपासले होते. २०२० च्या फेब्रुवारीत ते आणि सासूबाई शारदाबाई मुलाकडे तीन महिन्यांसाठी आले. मग विमानं बंद झाली, आणि सुरू झाली तेव्हा बसायचा धीर होईना. सामानात त्यांनी जांभळा स्टॅम्पपॅड आणि 'पाहिले' असा रबरी शिक्का आणला होता. (हा शिक्का निवृत्तीच्या दिवशी कार्यालयात जमा करायचा असतो. तो जमा झाल्याची नोंद आहे.)

वर्षभरात त्या शिक्क्याने नातीच्या शाळेची पत्रं, कोविडची पत्रकं, तिची चित्रं आणि एक पिझ्झाची जाहिरात असे एकूण दोनशे चौदा कागद निकाली काढले. नऊ चित्रं त्रुटीपूर्ततेसाठी परत गेली. मुलगा शैलेंद्र वरच्या खोलीत दिवसभर मीटिंगमध्ये असे, त्यामुळे घराचा कारभार पहिल्यांदाच शिस्तीत चालला होता.

मेधा मात्र टेकीला आली होती. नागपुरात ती फिजिओथेरपिस्ट होती, स्वतःचे पेशंट होते. इथे दोन वर्षं ती व्हिसावर 'आश्रित' होती आणि घरात 'मम्मी'. आता पोर्टलीश गावच्या एका खासगी दवाखान्याने तिच्यासाठी जागा राखली होती, पण फक्त १ मार्चपर्यंत. तोवर नोंदणी हवी होती. ही नोकरी तिला किती हवी होती हे ती कोणाला सांगत नसे, कारण सांगताना रडू येई.

नोंदणी मंडळाची अट एकच. गुणपत्रक विद्यापीठाने लाखबंद पाकिटात घालून द्यावं आणि ते उमेदवाराने तसंच पुढे पाठवावं. पाकीट वाटेत उघडल्यास अर्ज रद्द. विद्यापीठाने पाच महिने घेतले. (पैकी साडेचार महिने लाख आणण्यात गेले.) अखेर २२ फेब्रुवारीला पाकीट आलं. मेधा तेव्हा सरकारने ठरवून दिलेल्या पाच किलोमीटरच्या आत फिरायला गेली होती.

परत आली तर टेबलावर पाकीट नीट चिकटवून ठेवलेलं. लाखेचे तुकडे बशीत. आणि फ्लॅपवर सुवाच्य अक्षरात: 'आवक क्र. २१५. उघडून पाहिले, बरोबर आहे.' खाली सही आणि तारीख.

मेधा खुर्चीत बसली आणि लाखेचे तुकडे पुन्हा जुळवून पाहू लागली.

"काहून उघडलं जी तुम्ही?" शारदाबाई कडाडल्या. "पोरीचं हाए ते!"

"टपाल आलं तं उघडाच लागते," गोविंदराव शांतपणे म्हणाले. "रोमनांतही मोहरा तोडून वाचायचे अन् पुन्हा मोहोरबंद करायचे. साक्षीदार असले की झालं. तू होतीस ना इथं?"

"तुमच्या रोमनांत बायका चालत नाहीत म्हणे."

प्रक्रियेत दोष राहिला होता, हे गोविंदरावांना मान्य करावं लागलं.

मेधाने मंडळाला फोन लावला. नोरा नावाच्या बाईंनी उचलला. मागे त्यांचं कुत्रं भुंकत होतं. मेधा कबुलीजबाबाच्या पहिल्याच वाक्यात होती, तोच नोराबाई म्हणाल्या, "अगं, पाकीट पोस्टाने पाठवू नकोस हं. आम्ही सगळे घरून काम करतोय, ऑफिसात उघडायला माणूसच नाही. उघड, फोटो काढ आणि ईमेल कर. चालेल ना, ग्रँड?"

"पण उघडलं तर अर्ज रद्द होतो ना?"

"होतो की. पण तेही बघायला कोणी नाही."

पाकीट दुसऱ्यांदा उघडण्यात आलं. या वेळी शैलेंद्रला मीटिंगमधून खाली आणून साक्षीला उभं केलं. फ्लॅपवर नवी नोंद झाली: 'पुन्हा उघडले, अजूनही बरोबर आहे.' आत गुणपत्रकावरही कोपऱ्यात 'पाहिले' उमटलेलं होतं. मेधाने डोळे मिटून फोटो पाठवला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. नोंदणी मंजूर. नोराबाईंनी खाली लिहिलं होतं की तिकडच्या अधिकाऱ्याचा जांभळा शिक्का घेतल्याने काम फार सोपं झालं, बाकीचे उमेदवार इतकी काळजी घेत नाहीत.

मेधा हसत सुटली, मग रडली, मग तिने सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. गोविंदरावांनी आशीर्वाद दिला आणि प्रमाणपत्राची पीडीएफ चष्मा लावून दोनदा पाहिली. "यावर शिक्का नाही," ते म्हणाले. "हे ग्राह्य धरता येणार नाही."

"बाबा, इथे असंच असतं," मेधा म्हणाली, आणि कामावर जायची बॅग भरायला वर गेली. दार लावलं. प्रमाणपत्राची प्रिंट काढली, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, खाली मराठीत 'सत्यप्रत' लिहिलं आणि स्वतःच सही ठोकली. मग कुठे तिला खरोखर नोकरी लागल्यासारखं वाटलं.

तुम्ही हसलात, छान. आता जरा उठा, कपाटातली फाइल काढा, आणि तुमच्या आधारकार्डाच्या झेरॉक्सवर तुम्ही तुम्हीच असल्याची खात्री कोणी दिली आहे, ती सही ओळखीची वाटते का बघा.